पहिल्या घडाचा चाकू

॥ श्री ॥

सातारा,
२० जुलै २०२५

ती. राहीअक्कास,
धाकट्या अमृतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि. इकडे आम्ही सर्व खुशाल. तुझी आणि दाजींची खुशाली कळवावी.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर वाचलं की तुझे डोळे चुरचुरतात. म्हणून पत्र. तुझी भावजय क्रांती हसते. म्हणते, अख्ख्या साताऱ्यात पोस्टाची पेटी उघडायला लावणारे तुम्ही दोघंच भाऊबहीण उरलात.

परवा तासगावला जाऊन आलो. तू दाजींच्या बायडामावशींना आधी निरोप दिला होतास, त्यामुळे मला पाहुण्याचा मान मिळाला. त्यांच्या सासऱ्यांचा, नाथाजींचा, इटलीचा चाकू त्यांनी मला आपल्या हातांनी दिला. दुसऱ्या महायुद्धात तिकडच्या लढाईला गेलेल्या आपल्याकडच्या शिपायांनी येताना असे घडीचे चाकू आणले. त्यांना स्टिलेटो म्हणतात. पातं ज्वारीच्या पात्यासारखं निमुळतं, मूठ शिंगाची, दोन्ही टोकांना पितळ. पाठीला एक कडी असते, ती ओढल्याशिवाय मिटत नाही. बटण दाबून उडणारे चाकू मला नकोत. हा नखानं आणि दोन्ही हातांनी सावकाश उघडावा लागतो. माणसाला विचार करायला सवड देणारं हत्यार आहे, असं मी दाजींना नेहमी सांगतो आणि ते नेहमी मला वेड्यात काढतात.

पातं डागांनी काळंकुट्ट झालं होतं. दोन संध्याकाळी बसून घासलं. आता आरशासारखं झालं आहे आणि बुडाशी कारागिराच्या गावाची अक्षरं दिसू लागली आहेत. माझ्याकडच्या सगळ्यांत हा देखणा.

दाजींना नमस्कार. धाकट्यावर माया आहे तशीच असू दे.

तुझा,
अमृत

---

माधवनगर,
३ ऑगस्ट २०२५

चि. अमृत यास,
अक्काचे आणि दाजींचे खूप आशीर्वाद. पत्र पोचलं. क्रांतीला सांग, सातारच्या पोस्टमनला आमच्यामुळे काम आहे, त्याचा पगार आम्हीच चालू ठेवलाय.

लोकांचे भाऊ जुनी नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. माझा भाऊ चाकू जमवतो, आणि घरात कांदा चिरायला मागितला तर देत नाही. दाजी म्हणतात, तुमच्या भावाच्या गळ्यात माळ आणि कपाटात सुऱ्या, देवाला पण कोडं पडत असंल.

आता काळजीचं लिहिते. बायडामावशी नागपंचमीला इकडे आल्या होत्या. त्या दिवशी आपण काही चिरत न्हाई, कापत न्हाई, म्हणून सगळ्या बाया निवांत बसलो होतो. मावशींनी मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं. आता माझ्याशी हळू बोलून काय उपयोग! चारदा विचारल्यावर कळलं. त्या म्हणत होत्या की, राही, तुझा भाऊ माळकरी हाय, खोटं बोलायचा न्हाई, तवा त्याला एक विचार. चाकू तर गेला घरातनं, पण त्याच्यासंगं लढाईवरनं जे बाकीचं आलं, त्याला पण दोष लागतो का?

कसला दोष, मला काही उमगलं न्हाई. त्यांच्या शंभूराजची, म्हणजे नातवाची, दोन स्थळं बोलणी होऊन फिरली, त्याबद्दल काहीतरी त्या बोलत होत्या. अमृत, तू त्यांना काय सांगितलंस? माझ्या सासरची माणसं आहेत ती. लगेच कळव.

तुला आठवणारी,
अक्का

---

सातारा,
१२ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
अमृतचा नमस्कार. पत्र पावलं, बरं वाटलं. इकडे पाऊस धरून आहे. क्रांतीचा गुडघा पुन्हा दुखतो आहे, तेल लावतो.

मावशींचं तू फार मनावर घेऊ नकोस. बोलण्याच्या ओघात जुन्या हत्याराबद्दल काही विषय निघाला असेल, मला नीटसं स्मरत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या मनात एखादी गोष्ट बसते आणि आपोआप निघून जाते. पुन्हा विचारलं तर त्यांना म्हणावं, सवडीनं सांगतो. दाजींच्या कानावर हे घालायची गरज नाही.

मारुतीला शनिवारी तुझ्या नावानं तेल घातलं. आशीर्वाद असू दे.

अमृत

---

माधवनगर,
२८ ऑगस्ट २०२५

अमृत यास,
आशीर्वाद. काल गणपती बसले. मोदक केले पण घरात कुणाला गोड लागले न्हाईत.

तुझ्या सवडीची वाट मावशींनी बघितली न्हाई. अमावास्येला त्या कुणाला न सांगता एसटीत बसल्या, सांगलीला उतरल्या, आणि तिथनं रिक्षा करून हरिपूरच्या संगमावर गेल्या. नाथाजींचे लष्करातले बिल्ले, कमरेचा पट्टा आणि त्यांचा वर्दीतला फोटो, काचेसकट, पाण्यात सोडून आल्या. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. नाथाजींचा तेवढा एकच फोटो होता रं.

शंभूराज आला होता. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मान खाली घालून म्हणाला, काकी, आजी म्हणते पावण्यांनी सांगितलंय, लढाईचं काय घरात ठेवू नका, मग तुझं लगीन जमंल. तुमच्या भावाला एवढं विचारा की हे कुठल्या पोथीत लिहिलंय. मी वाचीन म्हणतो.

दाजींना मी सगळं सांगितलं. लपवायचं काय राहिलंय? ते जेवून उठले आणि बाहेर जाऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घरात मला परकं वाटलं.

आता ओघ आणि स्मरण बाजूला ठेव. खरं लिही.

अक्का

---

सातारा,
७ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,
नमस्कार लिहायला हात उचलत नाही, तरी लिहितो.

कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही. कुणा महाराजांच्या तोंडून ऐकलेलंही नाही. मावशींच्या ओट्यावर बसल्या बसल्या मला सुचलं.

त्यांनी आधी चाकू द्यायला नाही म्हटलं होतं. सरळ, हसून. म्हणाल्या, पावणं, च्या घ्या, पोहे खावा, पण ह्यो न्हाई मिळायचा. मामंजी बागेतला पहिला घड ह्याच चाकूनं उतरवायचे आणि देवाला ठेवायचे. त्यांच्यामागं मालक, मालकांच्या मागं मी. खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांच्या पंगतीत ह्याचा पहिला मान. मी चाकू हातात घेऊन नुसता ऐकत होतो. तो परत ठेववेना. मग बोलता बोलता त्यांनी शंभूराजची फिरलेली स्थळं सांगितली. एवढी द्राक्षबाग, पोरगा निर्व्यसनी, पण शेतकऱ्याला पोरगी द्यायला कुणी तयार नाही, असं म्हणून डोळे पुसले. आणि मी, तुझा माळकरी भाऊ, गंभीर चेहरा करून म्हणालो की परमुलखातलं रक्त लागलेलं पोलाद देवाशेजारी असलं की घरातलं मंगल कार्य अडतं.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं, माझ्या हातातला चाकू घेऊन पदरानं पुसला आणि परत मला दिला. वर मलाच हात जोडले. मी ते हात जोडून घेतले, अक्का. येताना एसटीत पिशवी मांडीवर घेऊन आनंदानं नाम घेत होतो.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी तासगावची गाडी धरली असती तर फोटो वाचला असता. मी तुला क्रांतीच्या गुडघ्याचं लिहीत बसलो.

आता सकाळी देवापुढं बसलो की मंत्र तोंडात येतो आणि तिथंच थांबतो. माळ काढून ठेवावी असं वाटतं, पण काढली तर तेही एक सोंगच होईल. चाकू परत देतो. कुरिअरनं पाठवू की दाजींच्या हाती देऊ, तू सांगशील तसं.

अमृत

---

माधवनगर,
१५ सप्टेंबर २०२५

अमृत,
आशीर्वाद, कारण ते मला मागं घेता येत न्हाईत.

मी मावशींना विचारलं. त्या चाकू घ्यायला तयार न्हाईत. म्हणतात, ज्यानं दोष काढून न्हेला त्यानंच परत दारात आणायचा व्हय? तुझा शब्द त्यांच्याकडे अजून खरा आहे. तो तुलाच खोटा करावा लागंल, त्यांच्या समोर आणि शंभूराजच्या समोर. कुरिअरवाला ते काम करणार न्हाई. दाजी तर मुळीच न्हाईत.

खंडेनवमीला जा. पेढे, साडी असलं काही नेऊ नकोस. चाकू ने आणि तोंड ने. परत आलास की लिही. मी वाट बघते.

अक्का

---

सातारा,
४ ऑक्टोबर २०२५

ती. राहीअक्कास,
अमृतचा नमस्कार.

जाऊन आलो. ओट्यावर चादर अंथरून पूजा मांडली होती. विळे, कुदळी, छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. शेजारची दोनचार माणसंही आली होती. पाणी पुढं आलं, ते न घेता मी उभ्यानंच सांगितलं की मी मावशींना खोटं सांगितलं. दोष वगैरे काही नाही, कधी नव्हता, मला चाकू हवा होता.

शंभूराज कात्रीला दोरा गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, माळ काय सोभंला घातलीया व्हय रं?

मावशी रागावतील अशी तयारी करून गेलो होतो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मग आता पोराचं कशानं अडलंय म्हणू? चाकू गेला, फोटू गेला, आता जमंल, असं रोज सकाळी उठून मनाला सांगत हुते. ते बी न्हेलासा.

अक्का, चाकू नेला होता तेव्हा मी चोर होतो. परत द्यायला गेलो तेव्हाही त्यांच्याकडचं काहीतरी घेऊनच निघालो. हे मला आधी सुचलंच नव्हतं.

आत भिंतीवर फोटोच्या जागी चौकोनी उजळ डाग आहे. वरचा खिळा तसाच आहे. शंभूराज म्हणाला की आजी त्याच्याकडे बघून अजून संध्याकाळी हात जोडते.

मी चाकू पुढं केला. त्यांनी नखानं उघडला, पातं डोळ्यांजवळ नेलं, आणि चटकन माझ्याकडे परत केला. म्हणाल्या, ह्यो आमचा न्हवं, पावणं. आमचा काळा हुता. मी घासलाय म्हणून सांगितलं, शिंगाच्या मुठीवरची चीर दाखवली, पाठीची कडी दाखवली. त्यांना पटेना. तो काळेपणा मी दोन संध्याकाळी बसून घासून काढला होता. गंज नव्हता तो. नाथाजींपासून आजवर दर हंगामाच्या पहिल्या घडाचा रस त्या पोलादात मुरला होता. तुला मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, आरशासारखा झाला म्हणून.

शेवटी शंभूराजनं माझ्या हातातून चाकू घेतला, आजीचा अंगठा त्या चिरेवरून फिरवला. तेव्हा अंगठ्याला ओळख पटली. मावशींनी तो मिटला. पण पंगतीत पहिला ठेवला नाही. सगळ्यांत शेवटी ठेवला, पंपाच्याही पलीकडे, आणि नव्या हत्याराला लावतात तसं त्याला कुंकू लावलं.

मी निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, छाटणी आता सुरू हुईल, माघात पहिला घड तयार हुतो. तवा यायचं. तुमी घासलाय, तर तुमीच कापायचा. एका वर्सात काय काळा हुत न्हाई, दरसाल यायचं. मी हो म्हणालो. शंभूराजनं फाटक लावून घेतलं.

बाकीचे चाकू कपाटात आहेत. अजून कुणाकुणाच्या घरून कसे आणले ते एकेक आठवतो आहे. मंत्र अजून मध्येच थांबतो. थांबला की तो उजळ चौकोन दिसतो, मग पुढचा शब्द म्हणतो.

दाजींना माझा नमस्कार सांगशील का? त्यांनी घेतला नाही तरी चालेल, तेवढं मला कळव. माघात तासगावला जाताना माधवनगरवरून जाईन. दारात उभं करून घेतलंस तरी पुष्कळ.

तुझा,
अमृत