दाढीवाल्यांची वास्तुशांत

स्कोफिल्ड्स, सिडनी
रविवार, ११ ऑक्टोबर २०२०

ती. वीणाताईंना नंदूचा साष्टांग नमस्कार. (गेले काही महिने फरशीवर ओणवं राहून कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या सहाच अंगांचा घातला आहे. उरलेली दोन प्रत्यक्ष भेटीत.)

पत्र कुमाररावांच्या ईमेलवर कसं, असं तुम्हाला वाटेल. तुमचा मोबाइल दिवसभर सुहासिनीच्या हातात असतो, हे मला इथे बसून ऐकू येतं. कुमाररावांचं ईमेल स्वतः कुमाररावसुद्धा आठवड्यातून एकदा उघडतात, म्हणजे त्याहून सुरक्षित जागा नाही. त्यांनी प्रिंट काढावी आणि सुहासिनी तुमच्या आईंना गच्चीवर चालवायला नेईल तेव्हा तुम्ही ती वाचावी. आईंचा नवा गुडघा कसा आहे? त्या गुडघ्यासाठी सुहासिनी फेब्रुवारीत तीन आठवड्यांकरता पुण्याला आली आणि विमानं बंद झाल्यामुळे आठ महिने राहिली, तेव्हा एव्हाना आई जिना धावत चढत असतील असं धरून चालतो. कुमाररावांची शुगर ताब्यात असावी. तुम्ही भाज्या साबणाने धुता असं ऐकलं. कोथिंबिरीला तरी माफ करा.

आता बातमी. सुहासिनीला २३ तारखेच्या विमानात जागा मिळाली हे तुम्हाला माहीत आहेच. उतरल्यावर सरकार तिला चौदा दिवस हॉटेलात कोंडणार आणि ७ नोव्हेंबरला मी तिला घरी आणणार. घरी ओवी असेल, मी असेन आणि दोन सरडे असतील. कुंपणावरचे बोटभर सरडे नव्हेत, इथले बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाले, नाकापासून शेपटीपर्यंत चांगले हातभर. सुहासिनीला हे माहीत नाही. तिला ते कळावं आणि कळूनही ते दोघे घरात राहावेत, एवढंच मला हवं आहे.

सोपं नाही, हे तुम्ही जाणता. तुमची बहीण वाघासमोर उभी राहील, पण पाल दिसली की संपलं. आमच्या लग्नात अंतरपाटामागे ती एकदम पाटावरून उडी मारून माझ्या बाजूला आली, तेव्हा तुमच्याकडच्या सगळ्या बायका 'किती ती घाई' म्हणून हसल्या होत्या. मांडवाच्या खांबावर पाल होती. (हे मला चार वर्षांनी कळलं. तोपर्यंत मीही घाईच समजत होतो आणि सुखात होतो.)

मग सरडे आणलेच कशाला? ओवीमुळे. एप्रिलमध्ये शाळा घरात आली आणि पोरगी गप्प झाली. बारा वर्षांची मुलगी, आई दुसऱ्या खंडात अडकलेली, बाप दिवसभर लोकांची स्वयंपाकघरं बसवत हिंडणारा. (टाळेबंदीत इकडच्या प्रत्येकाला आपलं किचन जुनं झाल्याचं दिसलं. धंदा उत्तम चालला, त्याबद्दल तक्रार नाही.) मी पिंपरीच्या आयटीआयमधून रंधा घेऊन निघालेला माणूस. बिजागरीच्या आवाजावरून कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगतो. पण या घरात आवाजच नव्हता, तर ऐकणार काय? जेवताना मी विचारायचो आणि ती "फाइन" म्हणायची. दिवसाला तीन फाइन. मे महिन्यात एकदा तिने आपणहून तोंड उघडलं आणि सलग वीस मिनिटं बोलली. एका संस्थेकडे टाकून दिलेले दोन बिअर्डी आहेत, सख्खे भाऊ, ब्रूस आणि ट्रेव्हर, त्यांना कोणी घेत नाही. वीस मिनिटं! त्या वेळी तिने मगर मागितली असती तरी मी बाथटब मोजायला घेतला असता.

पण घेतो म्हटलं की मिळतो असं इथे नाही. आधी सरकारी परवाना. मग त्या संस्थेच्या ग्लेनिसबाईंनी व्हिडिओवरून घर पाहिलं. टाकी, म्हणजे त्यांचं काचेचं घर, कुठे ठेवणार, उन्हाची जागा किती गरम, सावलीची किती, दिवा कोणता, घरातून आठवडाभर बाहेर गेलात तर कोण बघणार? मुलगी देताना तुमच्या वडिलांनी माझी एवढी चौकशी केली नव्हती. त्यांनी फक्त पगार विचारला आणि तोही पुरता ऐकून घेतला नाही. ग्लेनिसबाईंची शेवटची अट अशी की नर दोन आहेत, तर टाक्या दोन, एकमेकांच्या नजरेआड. मी "नो वरीज" म्हणालो. ताई, पंधरा वर्षांत मी इथे एक शिकलो, की हे लोक नो वरीज म्हणाले की विषय संपतो. आपण म्हणालो की विषय सुरू होतो.

कारण मनात मी वेगळंच ठरवलं होतं. सख्खे भाऊ आणि वेगवेगळ्या बिऱ्हाडात? मधे पडदा लावून? आमच्या घरी दोन खोल्यांत अकरा माणसं होती आणि कोणी कोणाला चावलं नाही. (दत्ताकाका चावला होता, पण तो लहान होता.) म्हणून मी चार-चार फुटांच्या दोन टाक्यांऐवजी सहा फुटांची एकच ऐसपैस बांधली. वॉटरप्रूफ प्लाय, पुढे सरकती काच, मागच्या बाजूला हवेच्या जाळ्या, एका टोकाला चाळीस डिग्री देणारा दिवा, वर उन्हाची ट्यूब, मधे झाडाची फांदी. कामाबद्दल स्वतः बोलू नये, पण तसली फिनिशिंग मी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकालाही दिलेली नाही. ओवी म्हणाली, "बाबा, ग्लेनिस सेड टू टँक्स." मी म्हणालो, ग्लेनिसला एकत्र कुटुंब काय कळतंय.

दोघं आले त्या दिवशी मी टाकीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, ओवीने कोबीच्या पानाचा नैवेद्य दाखवला. वास्तुशांत झाली. आणि ताई, माझं म्हणणं खरं ठरलं! ब्रूस मान डोलवायचा आणि ट्रेव्हर लगेच पुढचा हात उचलून सावकाश हलवायचा. थोरल्याने विचारावं, धाकट्याने नमस्कार करावा, असं वळण माणसांत उरलेलं नाही. दुपारी दिव्याखाली ब्रूस चक्क ट्रेव्हरच्या पाठीवर पडून राहायचा. मी गिऱ्हाइकांना फोटो दाखवायचो. गिरावीन उपनगरातल्या एका बाईंना तर मी भावाभावांच्या प्रेमावर पंधरा मिनिटं ऐकवलं. त्यांचं दिरांशी पटत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि किचन दुसऱ्याला दिलं.

मधल्या काळात रातकिड्यांचा डबा उपडा झाला. (दाढीवाल्यांना पालेभाजीबरोबर जिवंत रातकिडे लागतात. मी शाकाहारावर आणायचा प्रयत्न केला, ओवीने हाणून पाडला.) तेरा सुटले. अकरा मी नुसत्या कानांनी माग काढून पकडले. उरलेले दोन फ्रिजमागे गात होते. सुहासिनीने फोनवर विचारलं तर स्मोक अलार्मची बॅटरी उतरली आहे, असं सांगून वेळ मारून नेली.

ऑगस्टपासून ट्रेव्हर खाईना. रंग काळवंडला, कोपऱ्यात तोंड घालून बसायला लागला. मी म्हटलं, इथे ऑगस्टात थंडी असते, त्यामुळे असेल. एका सकाळी ओवी टाकीपाशी उभी होती. ब्रूसने मान डोलवली, ट्रेव्हरने हात हलवला. मी कौतुकाने म्हणालो, बघ, दादाला नमस्कार करतोय. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही इज नॉट सेइंग हाय, बाबा. ही इज सेइंग, प्लीज डोंट हर्ट मी." तिने हे महिन्याभरापूर्वीच वाचलं होतं. मग मला का नाही सांगितलंस, विचारलं, तर म्हणाली, तुम्ही इतके हॅपी होता. मी खाली वाकून पाहिलं, तर ट्रेव्हरच्या मागच्या पायाचं एक बोट नव्हतं.

प्राण्यांच्या डॉक्टरकडे माणसांना आत घेत नव्हते. आम्ही कार पार्कमध्ये बसलो, मास्क लावलेली नर्स येऊन ट्रेव्हरला टॉवेलसकट घेऊन गेली आणि डॉक्टर समोरच्या भिंतीपलीकडून फोनवर बोलले. ते म्हणाले, "मेट, वरचा प्रेमाने बसत नव्हता, खालच्याचं ऊन खात होता." आजच्या आज वेगळे करा, नाहीतर पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही. ओवी मागच्या सीटवर मोबाइलला तोंड लावून काहीतरी कुजबुजत होती. मला वाटलं मैत्रिणीशी. मी माझ्याच विचारात होतो. कान असून एवढा मोठा आवाज मला ऐकू आला नव्हता.

आजच्या आज म्हणजे त्याच दिवशी. दुकानांत टाक्या नाहीत, कारण टाळेबंदीत अख्ख्या सिडनीने प्राणी पाळले होते. बांधायची तर सिलिकॉन वाळायलाच दोन दिवस. शेवटी घरात एक तयार कपाट होतं, काचेची सरकती दारं, पाठ भक्कम, आत दिव्याची सोय. मी संध्याकाळपर्यंत हवेसाठी भोकं पाडली, जाळ्या आणि दिवे बसवले आणि ट्रेव्हर नव्या जागेत गेला. तीन दिवसांनी त्याने पहिला रातकिडा खाल्ला आणि ओवी इतकी जोरात ओरडली की शेजारचा डॅरेन कुंपणावरून विचारायला आला. आता ती शाळेतून आली की आधी एकाला, मग दुसऱ्याला दिवसभराचं सांगते. मी दाराआड ऐकतो. माझी तेवढीच शाळा.

तेव्हा ताई, सुहासिनीला विमानात बसायच्या आधी कोणीतरी हळूच सांगायला हवं, आणि तुमच्याइतकं हळू कोणी सांगत नाही. पाल म्हणू नका. दाढीपासून सुरुवात करा. आईंना नमस्कार, कुमाररावांना प्रिंटबद्दल आभार.

तुमचा,
नंदू

ता. क. वर जे 'एक तयार कपाट' म्हटलं, ते म्हणजे हॉलमधला सुहासिनीचा शोकेस. हेही तुम्हीच सांगायचं आहे. खरं तर सरड्यांपेक्षा हे आधी सांगितलंत तर सरडे त्यापुढे लहान वाटतील.

ता. क. २. शोकेसमधलं सगळं सामान गॅरेजमध्ये बबलरॅपमध्ये सुरक्षित आहे. तुम्ही आमच्या वास्तुशांतीला पुण्याहून मांडीवर घेऊन आणलेला गुलाबी काठाचा डिनर सेटसुद्धा. फक्त त्यातली मोठी लंबगोल डिश बाहेर आहे. ट्रेव्हरला जखम भरेपर्यंत रोज कोमट पाण्यात बसवायला सांगितलं होतं आणि दुसऱ्या कशात त्याची शेपूट मावेना. जखम भरली, पण त्याला सवय लागली. डिश धुता येते. त्यातून पुलाव वाढायला मात्र माझा हात धजणार नाही, कारण तो तिथे नुसती आंघोळ करून थांबत नाही.

ता. क. ३. पत्र पाठवण्याआधी ओवीने मागे उभं राहून सगळं वाचलं (मराठी वाचता येत नाही म्हणून रविवारच्या मराठी शाळेत सूट घेते ती हीच) आणि म्हणाली, "बाबा, आई नोज." जूनपासून. पहिले दोन आठवडे सुहासिनी व्हिडिओवर त्यांना बोटांच्या फटीतून बघायची, मग एका डोळ्याने, आता दोन्ही. कार पार्कमध्ये ओवी तिच्याशीच बोलत होती. शोकेस रिकामा करा, ही माझ्या मुलीची अक्कल म्हणून मी तिला जवळ घेतलं होतं, तीही तिकडूनच आली होती. तुम्ही शेजारी बसून सगळं ऐकत होतात असंही कळलं. मी इथे सहा पानं लिहिली. असो. तिकडून तुम्ही दोघी हसत असाल तर हसा, मला ऐकू येतंय.

ता. क. ४. डिशचं मात्र आईला माहीत नाही, असं ओवी शपथेवर सांगते. तेव्हा वरचं काहीच कोणाला सांगू नका. फक्त तसलीच एक डिश कुठे मिळते का पाहा, दुकान तुम्हाला माहीत आहे, आणि सुहासिनीच्या बॅगेत साड्यांच्या घडीत तिला न कळता ठेवा. बॅग जड का, असं तिने विचारलं तर लोणचं म्हणू नका. इथे विमानतळावर लोणचं उघडून बघतात.