भीती उतरण्याबद्दल

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तीर्थरूप लिहिलं की "मला म्हातारी करतोस" म्हणून ओरडतेस, तेव्हा नुसतं प्रिय. इकडे सगळे बरे आहोत. हिचा गुडघा दुखतो, पण तोंड चालतं. म्हणजे काळजी नाही.

प्रयोगशाळा रिकामी करतो आहे. महिनाअखेरीस निवृत्ती. उंदरांचे पिंजरे धुऊन पालथे घातले. इतकी वर्षं कानात असलेली खुडबुड थांबली आणि खोली उगाच मोठी वाटायला लागली.

काल खुंटीवरचा जुना कोट काढला. त्याची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. उंदराच्या रक्तात ताणाची संप्रेरकं किती आहेत हे मोजायचं, तर आधी त्याला माणसाच्या हाताची सवय करावी लागते. रोज त्याच माणसाने, तोच कोट घालून, त्याला नुसतं हातात धरायचं. दुसरं काही करायचं नाही. मी कित्येक आठवडे धरले. रक्त घ्यायच्या आदल्या दिवशी सफाईच्या मावशींनी मायेपोटी कोट धुऊन, इस्त्री करून ठेवला. सकाळी प्रत्येक उंदराचा आकडा आभाळाला भिडलेला. तेव्हा मी ज्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो त्या सरांनी आकडे पाहिले, कोट हुंगला आणि म्हणाले, "अभिनंदन. तू परका झालास." सगळा प्रयोग पाण्यात. मावशी बिचाऱ्या विचारत राहिल्या, "साबण वाईट होता का हो?"

फार सुखाचे दिवस होते ते.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. "मामा, आईने ऑपरेशनची तारीख पुन्हा पुढे ढकलली. विचारलं तर तुमचा लेख दाखवते." लेख मीच पाठवला होता. ताण फार काळ टिकला तर मेंदूतला आठवणींचा भाग आक्रसतो, असं त्यात आहे. तू डॉक्टरांना म्हणालीस म्हणे, "माझ्या भावाने छापून आणलंय, ताण वाईट. मग मला कशाला कापताय?" माझ्या संशोधनाचा इतका चोख उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

पण तू पान उलटलं नाहीस. पुढे पिल्लांबद्दल आहे. ज्या पिल्लांना आई खूप चाटते, ती मोठेपणी घाबरत नाहीत असं नाही. घाबरतात. संप्रेरकं चढतात, पण लवकर उतरतात. जन्मभर मी एवढंच मोजलं. आणि चाटणारी सख्खी आईच लागते असंही नाही. दुसरीने जवळ घेतलं तरी भागतं.

हा विषय का निवडला, असं लोक विचारतात. मी सरांकडे बोट दाखवतो. खरं तसं नाही. आई गेली तेव्हा मी पहिलीत होतो, तू नववीत. परीक्षेच्या सकाळी माझे विंचरलेले केस तू पुन्हा विंचरायचीस. ओला कंगवा, माझी हनुवटी तुझ्या मुठीत. "हलू नकोस, बारक्या. पेपर काय खाणार आहे का तुला?" फाटकापर्यंत पोट दुखायचं. वर्गात गेल्यावर थांबायचं.

तेव्हा तुझे केस कोण विंचरत होतं, हा प्रश्न मला साठी उलटल्यावर पडला.

तुझ्या हृदयाच्या झडपेबद्दल डॉक्टरांशी बोललो. तोंडी परीक्षा घ्यावी तसं खोदून खोदून विचारलं. ऑपरेशनला धोका आहे, थांबण्यात जास्त आहे. त्यांचं बरोबर आहे. हे फोनवर सांगता आलं असतं. पण तू "बोल रे" म्हणालीस की मी हवापाण्यावर बोलत बसतो आणि ठेवतो.

तू घाबरली आहेस, म्हणून तुला धीर द्यायला हे पत्र लिहायला घेतलं, असं मी हिला सांगितलं. तसं नाही. मी घाबरलो आहे. भाचीचा फोन आल्यापासून चढलेलं उतरत नाही. ते उतरवणारं माणूस मला एकच माहीत आहे, आणि ते तारखा पुढे ढकलत बसलं आहे.

शनिवारी येतो. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझाच,
बारक्या