अडतीस मिनिटांचं छत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे आता जमिनीपर्यंत पोचत नाहीत, तेव्हा हा उभ्याउभ्या घातलेला नमस्कार गोड मानून घे.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला? तुमच्या नातीचा, चिंगीचा, पडलेला दात उगवला का? माझं म्हणशील तर ठणठणीत. उजव्या कानाने तेवढा संप पुकारलाय, पण छत्तीस वर्षं लेथ मशीनशेजारी राबल्यावर तेवढा हक्क त्याचा आहेच. हे फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू "बरं, ठेवू का?" म्हणतेस, मी "ठेव" म्हणतो आणि सांगायचं ते राहूनच जातं.

तर, माझ्या वाढदिवसाला तू चिंगीकडून व्हिडिओ करवून पाठवलास. त्यात पहिली वीस सेकंदं तू मला तब्येतीला जपायला सांगतेस आणि मग चिंगी फोन टेबलावर उताणा टाकून पसार होते. बंद करायचं विसरून. पुढची अडतीस मिनिटं चित्रात फक्त तुमचं छत आहे. (पंख्याच्या उजवीकडे ओल आलीय, भाऊजींना वेळीच दाखव.) पण त्या छताखाली, ताई, अख्खं घर चालू आहे! तू भांडी लावतेस, कुणी विचारलेलं नसताना भाऊजी पेपरातली बातमी मोठ्यांदा वाचतात, चिंगी निळ्या पेन्सिलीसाठी घर डोक्यावर घेते, तू लागोपाठ तीन शिंका देतेस, मग ताटं मांडली जातात. मी पहिल्यांदा ते उभ्यानेच ऐकलं. दुसऱ्यांदा ताट वाढून घेऊन ऐकलं. एरवी माझं जेवण सात मिनिटांत आटपतं, त्या दिवशी अर्धा तास पुरला नाही.

मग ठरवलं, छत नको, आवाज तेवढा काढून घ्यायचा. कारखान्याने निरोपाच्या दिवशी दिलेला लॅपटॉप कपाटात होता, त्यावर एक फुकटचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर घातलं. तुमचा व्हिडिओ त्यात ओढून सोडला, त्यावर राइट क्लिक करून 'ऑडिओ वेगळा करा' म्हटलं, की सरळ दोन पट्ट्या होतात. वर चित्राची, खाली आवाजाची. (आवाजाची पट्टी करवतीच्या दातांसारखी दिसते. तुझ्या शिंकांचे सुळके तर पट्टीच्या बाहेर जायला बघतात.) आता वरची पट्टी पुसायची, एवढंच काम. मी खालची पुसली. तासभर खपून अडतीस मिनिटांचं मुकं छत तयार केलं. तसलं छत माझ्याकडे आधीच आहे, फुकट, चोवीस तास. दुसऱ्या खेपेला पट्टी बरोबर पुसली, पण 'सेव्ह' आणि 'एक्स्पोर्ट' यांत फरक असतो हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे जे सेव्ह झालं ते कशातच वाजेना. तिसऱ्या खेपेला पंख्याची घरघर खटकली म्हणून तिचा नमुना यंत्राला दाखवून 'असला आवाज काढून टाक' म्हणालो. यंत्राने पंखा काढला आणि सोबत भाऊजींनाही काढलं. दोघांतला फरक त्याला कळेना. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) अखेर पंखा परत आणला, भाऊजी परत आणले आणि चौथ्या दिवशी नुसता आवाज हाती आला. मोठे स्पीकर जोडले आणि रोज दुपारी साडेबाराला तुमच्याबरोबर जेवायला बसू लागलो.

इथे कानाने घात केला. मला जो आवाज बेताचा, तो खालच्या मजल्यावर जसाच्या तसा पोचत होता. खाली एक निवृत्त नर्सबाई राहतात, एकट्याच. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी विचारलं, "पाहुणे आलेत वाटतं?" आता 'नाही' म्हणायला काय जात होतं? पण जीभ घसरली. म्हणालो, "हो, बहीण आलीय. सहकुटुंब." संध्याकाळी त्यांनी दोन जास्तीच्या गाद्या वर आणून दिल्या. मी त्या आत घेतल्या, ताई. अंथरल्यासुद्धा. उगाच संशय नको म्हणून.

सहाव्या दिवशी ऐन जेवणात दार वाजलं. बाई, हातात औषधांची पेटी. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला रोज एकला पाच कमी असताना तीन शिंका येतात. पाच दिवस मोजतेय. ही ॲलर्जी आहे, अंगावर काढायची नाही. कुठायत त्या?" मी दारात आडवा होणार, एवढ्यात स्पीकरमधून तू शिंकलीस. बाई माझ्या हाताखालून आत आल्या. टेबल पाहिलं, स्पीकर पाहिले, एक ताट पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई हसणार, नाहीतर गाद्यांवरून हजेरी घेणार. त्यांनी पेटी खाली ठेवली, दुसरी खुर्ची ओढली आणि तुमची ताटं उचलली जाईपर्यंत ऐकत बसल्या. मी जेवू की नको या विचारात घास हातातच धरून होतो. मग उठल्या. मी चाचरत म्हणालो, "तुम्हाला त्रास झाला असेल, उद्यापासून आवाज कमी ठेवतो." त्या पेटी उचलत म्हणाल्या, "कमी नको. ती मुलगी पेन्सिल सापडल्यावर काहीतरी बोलते, ते खाली नीट ऐकू येत नाही." गाद्या त्यांनी अजून परत मागितलेल्या नाहीत.

बाकी सगळं क्षेम. तुम्हा उभयतांना नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. चिंगीला आणखी एकदा फोन विसरायला सांग. पण 'मामाआजोबांसाठी' असं सांगू नकोस, नाहीतर सगळे शहाण्यासारखे बोलाल. आणि फोन पंख्यापासून लांब.

ता. क. २. एक गोष्ट वर लिहिली नाही. सत्ताविसाव्या मिनिटाला तू भाऊजींना विचारतेस, "त्याला इकडेच बोलावून घेऊ? येईल का तो?" भाऊजी म्हणतात, "येईल की. पण मग जायचा नाही." आणि तू हसतेस. मी आधी भाऊजींचं वाक्य कापलं. मग तुझं हसणं कशावर ते कळेना, म्हणून तेही कापलं. तुझा प्रश्न मात्र ठेवलाय. त्याच्यापुढे आता काहीच नाही, एकदम चमचे वाजतात. तर उत्तर असं, की येईन. परतीचं तिकीट आधी काढतो आणि मगच निघतो, असं भाऊजींना सांग.