शांतवाडीचं एकमत

शुक्र. ६ सप्टेंबर
इथे आखातात, अबू हलीफ्याला आतेभाऊ विनयकडे बैठक. नेहमीसारखा खुर्च्यांचा गोल. पाद्री नाही, प्रार्थना नाही, नुसतं गप्प बसायचं. आतून आलं तर बोलायचं.

विषय एकच. गावचं बैठकघर आणि दफनभूमी कारखान्याला द्यायची का? गावातले सगळे तयार. अडलंय इकडे आलेल्या आमच्यासाठी, म्हणजे खरं तर रूथआत्यासाठी. ती सगळ्यांत थोरली. शांतवाडीत मतदान कधी झालं नाही. एकानेही ‘नको’ म्हटलं की विषय तिथेच थांबतो.

आत्या अखेरपर्यंत गप्प. विनयने उठून हस्तांदोलन केलं. आमची बैठक अशीच संपते. “झालं एकमत,” म्हणाला आणि लगेच गावी फोन लावला. आत्याने मला डावा हात दिला. लाडाने, असं वाटलं.

शनि. ७
गावच्या इतिहासाचं शेवटचं प्रकरण लिहिलं. विलायतेच्या क्वेकर, म्हणजे मौनाने उपासना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या साहेबांनी दुष्काळातली अनाथ पोरं घेऊन वस्ती केली, तिथपासून कालपर्यंत. शेवटचं वाक्य: ‘जमीन सर्वानुमते देण्यात आली.’ मजकूर वेळेत पूर्ण. बरं वाटलं नाही.

रवि. ८
आत्या इस्पितळात. पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचाही. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस झाले असावेत.

म्हणजे बैठकीत...

विनयची लेक जोआना म्हणाली, “आय टोल्ड डॅड, आजी इज नॉट टॉकिंग. ही सेड, शी इज प्रेयिंग.”

शांतता ओळखणारी माणसं आम्ही.

सोम. ९
विनयला म्हटलं, गावी फोन करून थांबव.
“ताई, आईला नकोच होतं, हे कशावरून?”
“हवं होतं, हे तरी कशावरून?”
“गुरुवारी खोदणार आहेत. हाडं नव्या जागी नेतील, मानाने. मामांचीही.”
मामा म्हणजे माझे बाबा. आमच्याकडे थडग्यांवर नावं नसतात, सगळे दगड सारखे. कोण कुठे, हे फक्त आत्याला ठाऊक.

मंगळ. १०
आत्याजवळ बसले. डावा हात हातात घेतला. “आत्या, बाबांना हलवायला नको असेल, तर हात दाब.” दाबला. रडूच आलं. मग इतिहास लिहिणारीची सवय, दुसरी बाजू विचारली: “हलवलं तर चालेल?” तसाच दाबला. “आज पाऊस आहे का, आत्या?” तेव्हाही.

घरी परत येताना बसमध्ये लक्षात आलं. ‘नको’ मलाही म्हणता आलं असतं. एकीचं पुरलं असतं. मी आत्याच्या तोंडाकडे बघत होते. बहुधा सगळेच.

बुध. ११
इतिहासातलं शेवटचं वाक्य खोडलं.
सकाळीच विनयला फोन. “माझं ‘नको’ आहे. गावाला कळव.”
“बैठक झाली ना, ताई! आता कसलं?”
“आत्या त्या बैठकीत नव्हती रे. म्हणजे बैठक झालीच नाही.”
पलीकडे काही नाही. टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. तरी काही नाही. आमच्यात याला होकार म्हणतात.
“विनय, तोंडाने बोल,” मी म्हटलं.
फोन ठेवला नव्हता त्याने. श्वास ऐकू येत होता.