छताची फळी

हॉलो क्रीक, मिझुरी
रविवार, ९ मार्च

प्रिय क्लेटन,

तुला आईचे आशीर्वाद. इकडे देवाच्या कृपेने ठीक आहे. चर्चहून आले ती लगेच पत्राला बसले. आज प्रवचन फार लांबलं. कांद्याची रोपं लावून झाली, बटाटे अजून जमिनीत जायचे आहेत.

तुझं पत्र मंगळवारी आलं. होतं बाबांच्या नावाचं, पण अर्धांगवायूनंतर त्यांना अक्षरं लागत नाहीत, म्हणून मीच वाचून दाखवलं. "तुम्हाला पेटी बांधायला जमत नव्हतं तर तसं सांगायचं. पर्लला तुम्हीच मारलंत." इथे मी थांबले. ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. सावकाश, एकही शब्द न गाळता.

तेव्हापासून एकच घोकणं चाललंय, "माझंच माप चुकलं." आपल्या दुकानात पाळीव सापांच्या साठेक पेट्या बांधल्या त्यांनी. एकीतही जनावर दगावलं नाही. आणि तू टल्साला जाताना त्यांच्या हवाली केलेली तुझी अजगरीण पर्ल मात्र दगावली.

ती पेटी कशी झाली ते तुला कळायला हवं. पर्ल चौदा फुटांची झाली, जुन्या पेटीत मावेना. बाबांचे हात चालत नाहीत. ते तोंडाने मापं सांगायचे, करवत मी चालवायची. लाकडाच्या वखारीतला रॉस्को बर्चच्या लाकडाचं प्लायवूड टाकायला आला तेव्हा म्हणाला, "वहिनी, हार्लनला आता विश्रांती द्या. दुकानावर तुमच्या नावाची पाटी लावा!"

मी म्हटलं, "पाटी मग लावू. आधी प्लाय मोज, एक तुकडा कमी आणलायस."

खरंच छतापुरता कमी होता. बाबा म्हणाले, "नवा मागवू." मला उधळपट्टी आवडत नाही. माझ्या आईचा कपड्यांचा पेटारा शेडमध्ये पडून होता, त्याचं झाकण चांगलं धड होतं. देवदाराचं. त्या पेटाऱ्यामुळे तुझ्या लोकरी स्वेटरांना कधी कसर लागली नाही.

काटकसर म्हणून वापरलं, असं मी दोन महिने प्रार्थनेत सांगत होते. देवाला ते पटत नाही. म्हणून तुला खरं लिहिते.

लग्नाच्या पहिल्या वर्षीच बाबांनी मला शिकवलं होतं की सापाच्या पेटीला देवदार चालत नाही. जो वास कसरीला मारतो, तोच सापाच्या छातीत बसतो. दुकानाच्या वहीत पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं आहे. बाकी सगळ्या फळ्यांना मी चार हात पॉलिश दिलं, वास जाईपर्यंत तीन आठवडे वाळवल्या. छताच्या फळीला पॉलिश फक्त बाहेरून दिलं, लाकूड ओळखू येऊ नये म्हणून. आतून कोरी ठेवली आणि हीटर नेमका तिच्यावरच बसवला, म्हणजे ती तापत राहील. चाकाच्या खुर्चीतून छताची आतली बाजू दिसत नाही.

बाबांनी विचारलं, "कसला वास येतोय का गं? माझं नाक तर गेलंय. तुझ्या नाकावर भरवसा."

"कॉफीचा येतोय. हवीय?"

ते हसले. "दे. आणि आज साखरेला हात आखडू नकोस."

मी दोन चमचे घातली.

पर्लला तीन आठवडे लागले. आधी शिंकल्यासारखं करायची. मग तोंड वर करून श्वास घ्यायला लागली, कडेला फेस. बाबा दिवसभर पेटीच्या काचेसमोर. "उष्णता कमी कर. नको, वाढव. अगं, कमी कर!" मी बटण फिरवत राहिले. "डॉक्टरला फोन कर," म्हणाले. मी म्हटलं, केलाय, पण रस्त्यावर बर्फ आहे, येता येत नाही म्हणतात. मी फोन केला नव्हता.

का, ते विचारशील. गेल्या वर्षी झटका आला तेव्हा दहा दिवस त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. मी उशाशी बसून स्तोत्रं म्हणत होते. अकराव्या दिवशी पहिला शब्द फुटला, "पर्ल." नर्स म्हणाली, "बायकोचं नाव ना? किती गोड!" मी हो म्हटलं. त्यानंतर तुझी चार पत्रं आली. पर्ल खाते का, पर्लने कात टाकली का. आई कशी आहे, हे एकातही नव्हतं.

काल बाबा म्हणाले, "क्लेटनला लिही, ये म्हणावं. समोर उभा राहून एकदा सांग म्हणावं की मी तिला मारलं नाही."

तर ये. काय झालं ते तुला आता ठाऊक आहे. त्यांना खरं सांगायचं तर सांग, मी आडवी येणार नाही. फक्त गाडी चालवताना एवढा विचार कर. त्यांना तीन वेळा भरवावं लागतं, रोज अंग पुसावं लागतं, आणि या घरात चालणारे हात माझेच आहेत. सांगितल्यावर या हातचा घास ते कसे घेतील? तू त्यांना तुझ्याकडे नेणार असशील तर गोष्ट वेगळी. पण तुझ्या दारातून चाकाची खुर्ची जात नाही, असं तूच कळवलं होतंस.

नाही सांगितलंस, तर ते स्वतःला दोष देत राहतील. मी ते ऐकत जेवायला शिकले आहे. तूही शिकशील.

बाबांना दोन घास भरवून उरलेलं स्वतः खाणारी,
तुझी आई