काठावरचं बूच

४ ऑक्टोबर

आले एकदाची! ताईने फाटकातच बॅग हिसकावून घेतली आणि मी किती वाळलेय यावरून तिथेच रागवायला सुरुवात केली. घर झकास आहे. मागच्या खोलीत केबलचं कपाट बसणार, पुढच्या खोलीत आम्ही दोघी. खिडकीतून डोकावलं की घरामागचा चढ, आणि चढावर पाणथळ. लव्हाळे, बदकं, मध्ये मध्ये चमकणारं पाणी.

नोकरी ताईच्याच हाताखाली. फायबरची केबल पाणथळीतून खाली शहरापर्यंत न्यायची आहे. पुराचं पाणी ही जागा पिऊन टाकते, म्हणून शहर कोरडं राहतं. तेव्हा केबल टाकताना हिला धक्का लागू द्यायचा नाही, हे आम्हा दोघींचं काम. यंत्र फळ्या अंथरून त्यांवरूनच चालवायचं. चर खणताना वरची काळी माती वेगळी ठेवायची आणि बुजवताना तीच वर टाकायची. ताईने खिडकीजवळची खाट मला दिली, स्वतः मागच्या खोलीच्या दारापाशी गेली. ही अशीच आहे पहिल्यापासून.

९ ऑक्टोबर

आज बूच शिकले. चर बुजवला तरी आतली माती भुसभुशीत राहते, आणि पाण्याला तेवढी वाट पुरते. सगळी पाणथळ त्या चरातून उतरून आमच्या घराशी येईल आणि वर नुसता सुकलेला चिखल राहील. म्हणून पाणथळ संपून उतार लागतो, तिथे काठावर चर चिकणमातीने ठासून बंद करायचा. त्याला इथे बूच म्हणतात.

बूच तपासायची ताईची रीत भारी आहे. चप्पल काढते, चरात उतरते आणि टाच दाबते. ठसा उमटला पण माती हलली नाही की बूच पास, मग कोणी शंका काढत नाही. यंत्र चालवणाऱ्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणतात. तो मला सांगत होता, तुमच्या ताईची टाच लागली की दलदलसुद्धा शहाण्यासारखी वागते. मी हसले. हसले म्हणजे दात दाखवले.

१७ ऑक्टोबर

ताई, ताई, ताई! कान किटले माझे. मुकादमाला नात झाली तर बाळाचं नाव म्हणे ताईंनी सुचवावं. आज साहेब पाहणीला आले. अख्खा चर मी फिरवून दाखवला, बोलून बोलून घसा बसला, आणि जाताना शाबासकी कोणाला? पुढच्या टप्प्याची प्रमुख म्हणून ताईला नेणार आहेत. ती लगेच म्हणाली की धाकटीला बरोबर घेईन, माझ्या हाताखाली. केवढे उपकार!

लहानपणापासून हेच चाललंय. शाळेत बाई विचारायच्या, तिची बहीण ना तू, मग अशी कशी? आई अजून फोनवर आधी तिची चौकशी करते आणि ठेवता ठेवता विचारते, आणि तुझं काय. इथली बदकंही तसलीच. ती काठाने गेली तर जागची हलत नाहीत, मी गेले की फडफडाट करून उठतात. हो, जळते मी. इथे तरी खरं लिहू दे.

२३ ऑक्टोबर

केलं.

दुपारी सगळे जेवायला गेले होते. काठावरचं बूच ताईचं तपासून झालं होतं, वर माती टाकायची बाकी होती. मी उताराच्या बाजूने फावडं घातलं, आतली चिकणमाती उपसली आणि रेती कोंबली. वरचा थर राहू दिला, तिच्या टाचेच्या ठशासकट. जेवून आल्यावर भोंग्याने शीळ घालत चर बुजवून टाकला. ताईने मला विचारलं, जेवलीस का गं. जेवले म्हटलं.

२९ ऑक्टोबर

पाणी उतरलंय. लव्हाळ्यांची मुळं उघडी पडली, बदकं गेली. मागच्या खोलीची भिंत ओली झालीय. साहेब फोनवर ताईला नको नको ते बोलले. तिचं प्रमुखपद गेलं, आणि मला विचारलं, तू सांभाळशील का! मी तोंड पाडून हो म्हटलं. आतून नाचत होते. ताईने मला जवळ घेऊन अभिनंदन केलं. मनापासून केलं, हेच तर डोक्यात जातं.

भिंतीत केबलच्या नळीसाठी भोक आहे. त्यातून चिकणमाती फुगून बाहेर येतेय. पुसली, दुपारपर्यंत पुन्हा आली. कोमट आहे.

१ नोव्हेंबर

माती खोलीभर पसरत नाही. एकाच रेघेत येते, आणि ती रेघ माझ्या खाटेकडे येतेय. ताईची खाट वाटेत आहे. तिला वळसा घालून येते.

सकाळी नळीतून कोणीतरी मला हाक मारली. मला, माझ्या नावाने. ताई चेष्टा करतेय असं वाटलं, पण ती अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला बोलावून नळीला कान लावायला सांगितलं. तिला काहीच ऐकू आलं नाही. मला मात्र तेव्हाही येत होतं, अगदी स्पष्ट, लाडाने मारलेली हाक. घाबरले. आणि थोडं बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

३ नोव्हेंबर

तळपायाची माती निघत नाही. साबण झाला, दगडाने घासून झालं. सुई टोचून पाहिली, काही कळलं नाही. रक्तही नाही. घोट्यापर्यंत तसंच —

ताईला दाखवलं नाही. मोजे घातलेत.

४ नोव्हेंबर

ताईने बूच उकरलं. रेती सापडली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, ओरडली नाही. म्हणाली, साहेबांना सांगेन की चूक माझीच होती, फक्त चल, आत्ता भरून टाकू. हिचा मोठेपणा इथेही संपत नाही!

भोंग्याने दुपारभर चिकणमाती ठासली. टाकली की गिळते. टाकली की गिळते. त्याचा आवाज गेलाय. यंत्र सोडून काठावर नुसता बसलाय.

नळीतून आलं — मातीचं बूच नको.

मग कशाचं, हे मी विचारलं नाही.

५ नोव्हेंबर, सकाळ

जमीन मऊ. खाटेवरून पाय खाली ठेवला तो ठेवलाच. गुडघ्यापर्यंत. दुखत नाही. हळूहळू ओढतेय, काठाच्या बाजूला — भिंतीखालून चर जातो ना, त्या बाजूला.

आईला फोन करावा का — नको. ती आधी ताईचं विचारेल.

५ नोव्हेंबर, दुपार

कमरेपर्यंत. वही खाटेवर टेकवलीय. ताई दारातून फळीवर पालथी पडून हात पुढे करतेय. मुकादमाने तिचे पाय धरलेत. भोंगा बसक्या आवाजात ओरडतोय, धरा, अहो हात धरा.

पोचतो माझा हात. बोटं शाबूत आहेत. धरला तर —

धरला तर उद्या सगळे म्हणणार, ताईने वाचवलं. आई जन्मभर सांगणार. ताई होती म्हणून तू आहेस.

खाली हाका चालू आहेत. एकदाही ताईचं नाव नाही. नुसतं माझं.

छातीशी आलं. गार नाही. घट्ट — कोणी कधी इतकं घट्ट धरलं नव्हतं —

ताई रडतेय. दलदलीला विनवतेय, हिला सोड, हिच्याऐवजी मी उतरते. फळीवरून पुढे सरकतेय. पाय सोडवून घेतले तिने. येतेय —

नाही. इथेही तीच? नाही! ही जागा माझी आ