आतल्या दिव्याचा रिले

अण्णा, काल मी तुमच्या गाडीत उताणी पडले होते. डोकं खाली ब्रेकच्या पेडलपाशी, पाय वर सीटच्या पाठीवर. साठीला टेकलेली बाई, अन् हा अवतार! शेजारीण फाटकातूनच ओरडली, "अगं बाई, चक्कर आली का काय?" मी म्हटलं, "नाही हो, दुरुस्ती चाललीय." तिला काही ते खरं वाटलं नाही. कारण साधंच होतं. आईला हल्ली संध्याकाळी गाडीत बसल्यावर सीटचा पट्टा सापडत नाही, चाचपडते बिचारी. आणि आतला दिवा तर तुम्ही होता तेव्हापासून बंद.

तो का बंद, ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. त्या दिव्याचा रिले तुम्हीच बदलला होता, दिवसभर खपून. काडेपेटीएवढी ती डबी, दार उघडलं की टक् करून दिवा लावणारी, आणि कंपनीनं बसवलीय कुठं, तर फ्यूजच्या पेटीमागं, पत्र्याच्या आड, जिथं नजर पोचत नाही. पुढच्या चार दिवसांत दारं बंद असली तरी दिवा जळत राहायला लागला. सकाळी बॅटरी गार. तुम्ही म्हणालात, "थांब, मी पुन्यांदा बघतो." मी थांबले नाही. फ्यूज उपटून टाकला आणि कॉलेजला शिकवायला निघून गेले.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. त्याच रविवारी छावणीतले ते रिटायर सुभेदार त्यांची जीप घेऊन आले. चाळीस वर्षं दुसऱ्या कुणाला त्यांनी वायरिंगला हात लावू दिला नव्हता. तुम्ही बॉनेट उघडलंत, टेस्टर हातात घेतलात, आणि मी ओसरीवरून बोलले, "काका, दुसरीकडं दाखवा. अण्णांना आता जमत नाही. आमच्याच गाडीची वाट लावलीय त्यांनी." तुम्ही टेस्टरची तार हळूच गुंडाळलीत आणि म्हणालात, "व्हय, पोरीचं खरंय. हात कापतो आता." मग नळावर हात धुतलेत. किती वेळ धुवत होता! त्यानंतर तुम्ही कुठल्याच गाडीचं बॉनेट उघडलं नाही. तीन वर्षांनी गेलात.

काल औरंगपुऱ्यातल्या दुकानातून नवा रिले आणला. तुम्ही शिकवल्याप्रमाणं आधी बॅटरीची तार काढली. एकदा ती न काढताच हात घातला होता, तेव्हा तुम्ही बोटांवर पट्टी मारली होती ते आठवलं. मनगट पत्र्यात अडकलं, सोललं, शिव्या आल्या तोंडात. "डोळ्यानं नाय, बोटानं बघ," असं तुम्ही म्हणायचात. बोटानं बघितलं. सापडला. ओढला, नवा दाबला, बॅटरी जोडली, फ्यूज घातला, दारं लावली. दिवा जळतच होता. मला रडूच आलं अण्णा, खरं सांगते.

मग कंबर मोडली तरी चालेल म्हणून टॉर्च तोंडात धरून पार आत घुसले. तुमचं काम दिसलं. तारांची जुडी, चार-चार बोटांच्या अंतरावर मेण लावलेल्या दोऱ्याच्या गाठी, चांभाराकडून आणायचात तो. आपल्या उन्हात चिकटपट्टी वितळते, दोरा नाय, हे तुमचं ठरलेलं. एकही गाठ सैल नव्हती. हात कापणाऱ्या माणसाच्या गाठी नव्हत्या त्या. त्याच्या वीतभर खाली गाण्याच्या टेपची लोखंडी पट्टी, आणि तिच्या स्क्रूखाली दाराच्या बटणाची तार चेमटलेली, तांबं उघडं पडून लोखंडाला टेकलेलं. दार उघडं आहे असंच रिलेला वाटत होतं इतकी वर्षं. तो टेप मी बसवून आणला होता. तुम्ही रिले बदललात त्याच आठवड्यात. तुम्हाला न विचारता, कारण तुम्ही नको म्हणाला असता.

तार सोडवली, उघडं तांबं गुंडाळून झाकलं. नवा रिले काढून तुमचाच परत बसवला. दार उघडलं, टक्. लावलं, दिवा गेला. दहा-बारा वेळा तेच करत बसले वेड्यासारखी.

संध्याकाळी आईला गाडीत बसवलं. पट्टा तिचा तिनं लावला, खूश झाली. म्हणाली, "काय बिघडलं होतं गं?" मी म्हटलं, "काही नाही, रिले." ती वर दिव्याकडं बघत म्हणाली, "त्यांच्या हातनं चुकलं असंल बघ. वय झालं होतं ना. तू काही मनाला लावून घेऊ नको."

मी व्हय म्हणाले, अण्णा. आणि गाडी सुरू केली.